अठ्ठाविसावी ओळ

सोमवार, ३

आज एका आजोबांनी मला विचारलं, "हे लाल लाल माझ्यामुळे आलं का?"

मी म्हटलं, नाही हो आजोबा, हे मशीन असंच बोलतं. तर म्हणाले, "मग लाल कशाला बोलतं?"

खरंच, कशाला?

परिस्थिती नीट लिहून ठेवते, म्हणजे दहा वर्षांनी मीच वाचलं तर कळेल. मी डोळ्यांच्या दवाखान्यात चार महिन्यांपासून आहे. शुगर असलेल्या माणसांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढायचा, तो माझ्या प्रोग्रॅमला द्यायचा, प्रोग्रॅम सांगतो 'ठीक' किंवा 'डॉक्टरांना दाखवा'. ठीक असेल तर घरी जा, पुढच्या वर्षी या. संपलं. प्रोग्रॅम माझा म्हणजे, एका फुकट मिळणाऱ्या लायब्ररीवर (पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) मी तो उभा केलाय. आणि ती लायब्ररी भयंकर बडबडी आहे. सकाळी सुरू केली की काळ्या खिडकीत लाल अक्षरात इंग्रजीत सत्तावीस ओळी ओकते. (मोजल्यात.) तुमच्या प्रोसेसरला अमुक अमुक येतं. ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही. नसलं तरी बिघडत नाही. हे फंक्शन पुढच्या आवृत्तीत काढून टाकणार आहोत. ते फंक्शन आत्ताच जुनं झालंय. मग प्रत्येक फोटोला एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत भरते, आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, बिचारं 'ठीक'.

मॅडमनी बोलावलं. दवाखाना त्यांचा, डोळेही त्याच तपासतात. म्हणाल्या, "चौदा तारखेला पाहणीला माणसं येणार आहेत. त्यांच्यापुढे हे असलं नको. पेशंट घाबरतात. गप्प कर त्याला."

"करते मॅडम. दहा मिनिटांचं काम आहे."

बाहेर आले तर वहीताई लाल ओळी वहीत उतरवत बसलेल्या. या आमच्या फोटो काढणाऱ्या ताई. एकोणीस वर्षं कॅमेऱ्यावर आहेत. जुन्या मशीनमधून चिठ्ठी यायची, तिची शाई महिन्यात उडायची, म्हणून तेव्हा नियम झाला की मशीनमधून जे येईल ते वहीत लिहायचं. तो नियम अजून चालू आहे. रोज सकाळी सत्तावीस ओळी, एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. अर्थ त्यांना कळत नाही. मलाही धड कळत नाही, पण मी लिहीत तरी नाही.

"ताई, हे लिहायची गरज नाहीये हो."

"नियम आहे."

"तो जुन्या मशीनचा होता."

"मशीन बदललं. नियम बदललेला मला कुणी सांगितला नाही, इंजिनीअरबाई."

इंजिनीअरबाई म्हणताना त्या वर बघत नाहीत. मला वाटतं त्यांना मी आवडत नाही.

मंगळवार, ४

दहा मिनिटांचं नव्हतं.

बडबड बंद करायचं एक बटण आहे. बटण म्हणजे एक सेटिंग, एका ओळीचं. शून्य म्हणजे सगळं बोल, तीन म्हणजे फक्त अगदीच मोडलं तर बोल. मी तीन लिहिलं. सत्तावीस ओळी आल्या. परत लिहिलं. सत्तावीस. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सत्तावीस. दुपारी वहीताई मागून गेल्या आणि म्हणाल्या, "आज तीनदा लिहायचं का?"

घरी येऊन आत्यासमोर रडगाणं गायलं. मी आत्याकडे राहते. आत्या बत्तीस वर्षं वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसून निवृत्त झालेली बाई. भाजी चिरता चिरता म्हणाली, "लोक बसायच्या आधी सांगायचं असतं गं. एकदा खुर्ची ओढून गप्पा सुरू झाल्या की पाटी बघतंय कोण?"

जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप उघडला. मी सेटिंग लायब्ररी आत घेतल्यानंतर लिहिलं होतं! तोवर तिचं बोलून झालेलं. ती ओळ उचलून सगळ्यात वर टाकली.

सत्तावीसच्या नऊ झाल्या.

"आत्या, तू जीनियस आहेस."

"पान वाढून ठेवलंय तिकडे. आधी जेव."

गुरुवार, ६

शांत!!

सविस्तर लिहिते, कारण हे मला कुणाला तरी सांगायचंय आणि आत्या दारात शेजारणीशी बोलतेय.

उरलेल्या नऊ ओळी दुसऱ्याच वाटेने येत होत्या. चार मी बंद केल्या. पण ती सरकणारी पट्टी आणि तिच्याबरोबरच्या पाच ओळी काही केल्या जाईनात. मग वाचलं की लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत पट्टी बंद करायची सोय आहे. आमची आवृत्ती दोन वर्षं जुनी. केली अपडेट. वीस मिनिटं लागली. पट्टी गेली. तरी सुरुवातीला काहीतरी पुटपुटत होती, कोणत्या त्या ओळी मी पाहिल्या पण नाहीत, वैताग आला होता. सरळ नळ दुसरीकडे वळवतात तसं केलं: जे काही बोलायचं ते गटारात बोल. पडद्यावर फक्त माझं उत्तर येणार.

आता काळी खिडकी उघडते. रिकामी. फोटो दिला. 'ठीक'. दुसरा दिला. 'ठीक'. हिरव्या अक्षरात. हिरवं मी केलं.

मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं. कुणीतरी चार महिने कानाशी मिक्सर चालवत होतं आणि अचानक बंद केला, तसं.

सुरू करायला नवीन चिन्ह बनवलं, हिरवं. वहीताईंना सांगितलं की आता हे दाबायचं, जुनं लाल पुसून टाकते.

"जुनं राहू दे."

"का?"

"मग वहीत काय लिहू?"

मी मनात दहापर्यंत मोजलं. राहू दिलं; आतला प्रोग्रॅम तोच, फक्त गप्प न केलेला. त्यांना लाल दाबून लिहायचं असेल तर लिहू देत. पाहणीच्या दिवशी हिरवंच दाबायचं एवढं वचन घेतलंय.

शुक्रवार, ७

एकोणीस पेशंट. एकोणीसच्या एकोणीस 'ठीक'. चांगला दिवस. वहीताईंना बोलायचा मूड नव्हता.

शनिवार, ८

वहीताईंची सुट्टी, भाच्याला बघायला मुलीकडचे येणार होते. म्हणून कॅमेरा मी चालवला. हिरवं चिन्ह, स्वच्छ पडदा, अकरा जण. कुणीही लालबद्दल विचारलं नाही.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या. ब्लाउजच्या गळ्यात आडव्या टाचण्या खोचलेल्या, घाईत काढायच्या राहिल्या असणार. खूप बोलल्या. म्हणाल्या, हल्ली सरळ रेघ मारली तर मधेच वाकडी दिसते, कापड वाकडं की मी वाकडी तेच कळत नाही. मी हसले. फोटो काढला. 'ठीक'. मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला, बघा, हिरवं. त्यांनी हात जोडले. मशीनला!

"मग ते रेघेचं?"

"वयामुळे असेल हो. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी? देव भलं करो तुझं. मला वाटलं आता अडकवून ठेवता."

माणसांशी बोलायचं काम मला जमतं हे आज पहिल्यांदा कळलं. वहीताई पेशंटशी दोनच वाक्यं बोलतात: हनुवटी इथे. पापणी हलवू नका.

सोमवार, १०

वहीताई आल्या आल्या: "नवीन ओळ आलीय."

"कुठे?"

"लाल चिन्हात. शुक्रवारपासून येतेय."

"नवी आवृत्ती टाकलीय ना ताई, ओळी थोड्या बदलणारच. ती सगळी बडबड असते. सोडून द्या."

"लांब आहे."

"असू दे."

मग म्हणाल्या, "आणि माणसं सगळी बरी झाली गं एकदम."

सरळ टोमणा होता. माझं मशीन आल्यापासून त्यांना वाटतं आपलं काम जाणार. मी म्हटलं, "चांगलंच आहे की." त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मॅडमच्या खोलीकडे गेल्या. बहुतेक माझी तक्रार.

सतरा पेशंट. सगळे ठीक.

मंगळवार, ११

तक्रार नाही केली वाटतं. मॅडमनी बोलावून चक्क कौतुक केलं.

"गेल्या तीन दिवसांत तपासणीला आलेले पाचही जण खरे निघाले. एकही फुकट पाठवलेला नाही. आधी चारातला एक उगाच यायचा. काय केलंस?"

"काही नाही मॅडम, नवीन आवृत्ती टाकली."

"छान. पाहणीला हे सांग."

मी लाजून दारावर आपटले. पाच जण कोणते ते काही आठवेना, पण रोज इतके चेहरे बघते, कुठे लक्षात राहणार. येताना आत्यासाठी पेढे आणले. आत्या म्हणाली, कशाचे? मी म्हटलं, शांततेचे.

आजचे चौदा. चौदाही ठीक.

बुधवार, १२

आजचं लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

सकाळी मी वहीताईंची वही हळूच उचलली. हेतू चांगला नव्हता. पाहणीच्या आधी मॅडमना दाखवून द्यायचं होतं की रोज सत्तावीस निरर्थक ओळी उतरवण्यात किती वेळ जातो. म्हणून ओळी मोजल्या. अठ्ठावीस. परत मोजल्या. अठ्ठावीस.

शेवटची लांब होती, दोन ओळींत मोडलेली. वहीताईंच्या त्या सुट्या सुट्या इंग्रजी अक्षरांत. पडद्यावर आली असती तर मी कधीच वाचली नसती, पण हाताने लिहिलेलं माणूस वाचतो. वाचली.

मॉडेलचा शेवटचा थर जुन्या फाइलशी जुळला नाही. तो नव्याने, वाटेल त्या आकड्यांनी भरला आहे. वापरण्याआधी शिकवून घ्या.

मॉडेल म्हणजे प्रोग्रॅमचा शिकवलेला मेंदू, आणि शेवटचा थर म्हणजे जो 'ठीक' की 'दाखवा' ठरवतो तो. नव्या आवृत्तीत त्या थराचं नाव बदललं, शिकलेलं साठवलेल्या माझ्या फाइलमध्ये जुनं नाव, झालं. म्हणजे माझं मॉडेल फोटो बघत होतं, सगळं नीट बघत होतं, आणि उत्तर द्यायच्या जागी ठार कोरं होतं. त्या कोऱ्या पाटीला 'ठीक' म्हणणं सोपं पडत होतं, इतकंच. मॅडमच्या मेजावरच्या पेपरवेटचा फोटो दिला असता तरी 'ठीक' म्हणालं असतं. (दिला. म्हणालं.)

एकोणीस, अकरा, सतरा, चौदा. एकसष्ट माणसं.

वही छातीशी धरून मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं. सगळं. पट्टीपासून गटारापर्यंत. मधे रडले.

मॅडम इतक्या शांत मी कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "रडणं नंतर. आधी माणसं. जुनी आवृत्ती परत बसवायला किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"मग इथे काय करतेस?"

जुनी बसवली. सत्तावीस लाल ओळी आल्या. एकेक वाचली. एकसष्ट फोटो परत दिले. नऊ 'डॉक्टरांना दाखवा'.

नऊ नावांची यादी घेऊन वहीताईंसमोर उभी राहिले. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत खाली आल्या.

"हा झाला. हा झाला. ही बाई सोमवारीच झाली. हे दोघं उद्या येतायत..."

"झाला म्हणजे?"

"मॅडमकडे पाठवला म्हणजे."

"पण मशीन ठीक म्हणालं होतं ना?"

"मशीन ठीक म्हणालं ते वहीत लिहिलं. मला काय दिसलं ते चिठ्ठीवर लिहिलं. एकोणीस वर्षं पडदे बघतेय मी, रक्त सांडलेलं मला कळत नाही होय?"

"मग मला का नाही सांगितलं!"

"सांगितलं की. तू म्हणालीस, चांगलंच आहे."

नवातले आठ. आठच्या आठ त्यांनी पाठवले होते. मी तिथेच खुर्चीत बसले. मॅडमनी कौतुक केलेले पाच जण कुणी पाठवले होते ते तेव्हा कळलं.

"आणि ही नववी कोण?" वहीताई विचारत होत्या. "ही माझ्याकडची नाही. शनिवारची आहे."

शिवणकामवाल्या बाई.

गुरुवार, १३

फॉर्मवर नंबर मी लिहिलेला. लावला तर, "बोला, ट्रान्सपोर्ट." परत लावला, "अहो बाई, ट्रान्सपोर्टच आहे." एक आकडा चुकला असणार. कोणता?

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. नजरेच्या अगदी मध्याला सूज आहे, म्हणून रेघ वाकडी दिसते. "आत्ता सापडल्या तर वाचेल. महिने गेले तर मी काही करू शकणार नाही. आणि त्यांचा धंदा डोळ्यांवर आहे."

फॉर्मवर पत्ता एवढाच: बाजारामागे, जिन्याखालचं दुकान.

वहीताई म्हणाल्या, "चल." मी म्हटलं, ताई तुम्ही कशाला, चूक माझी आहे. म्हणाल्या, "तुला एकटीला पाठवलं तर रस्त्यात रडत बसशील. चल."

बाजारामागे जिनेच जिने. सातव्याखाली सापडलं. शटर खाली. शेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, कानस घासत होता.

"ती? गेली लेकीकडे. लेकीचं बाळंतपण आहे. आता तीन महिने नाही यायची."

तीन महिने.

"नंबर आहे का हो त्यांचा?"

"तिचा फोन इथेच आहे दुकानात. बटणं दिसत नाहीत म्हणून चिडून ठेवून गेली."

मी बंद शटरकडे बघत उभी राहिले. वहीताईंनी मात्र विचारलं, "शिवून झालेले कपडे कोण देतं गिऱ्हाइकांना?"

"मीच. किल्ली माझ्याकडे आहे."

"मग मापाची वही असेल आत. उघडा जरा."

शटर उघडलं. वहीच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, लेकीचा नंबर. वहीताईंनी वही माझ्यासमोर धरली. आणि माझ्याकडे बघितलं.

फोन मी लावला. लेकीने आईला दिला.

"कोण? दवाखान्यातली? अगं तूच ना ती, हसरी?"

"हो. मावशी, तुम्हाला परत यावं लागेल. लवकर. डोळ्यात दोष आहे."

"काहीतरीच. तूच म्हणालीस ना ठीक आहे? हिरवं दाखवलंस."

"मी चुकले मावशी. मशीन बिघडलं होतं आणि ते मीच बिघडवलं होतं. तुम्ही रेघ वाकडी दिसते म्हणालात तेव्हा मी ऐकायला हवं होतं."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.

"लेकीला नववा लागलाय. मी निघाले आणि तिकडे तिचे दिवस भरले तर?"

वहीताईंनी माझ्या हातून फोन घेतला. "बाई, मी फोटो काढणारी. नातवंडाचं तोंड बघायचंय ना? मग ये. एका दिवसात परत पाठवते." आणि ठेवून दिला!

"ताई, त्या येतो म्हणाल्या का?"

"येईल."

शुक्रवार, १४

पाहणीची माणसं आली. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "मशीन बंद आहे. का बंद आहे ते ह्या सांगतील." मी सांगितलं. वही दाखवली. त्यातल्या एकाने अठ्ठाविसावी ओळ दोनदा वाचली आणि वहीताईंना विचारलं, "तुम्ही हे रोज लिहिता?" त्या म्हणाल्या, "नियम आहे." त्याने ते टिपून घेतलं. आमचं काय होणार माहीत नाही. मला त्याचं आज फारसं वाटतही नाहीये. मावशी अजून आल्या नाहीत.

शनिवार, १५

नाही आल्या.

सोमवार, १७

आल्या. आल्या. आल्या.

सकाळी पहिल्या बसने. मी धावत गेले तर म्हणाल्या, "हळू. पडशील." मॅडमनी आत घेतलं. मी आणि वहीताई बाहेर बाकावर. वहीताईंनी मला विचारलं जेवलीस का, मी म्हटलं हो, त्या म्हणाल्या खोटं बोलू नकोस.

तासाने मॅडम बाहेर आल्या. सूज आहे, वेळेत आहे. आज इंजेक्शन दिलं, अजून दोन द्यायची, मग लेझर. "आहे ती नजर राहील. थोडी सुधारेलही. तीन महिन्यांनी आल्या असत्या तर हे वाक्य मला म्हणता आलं नसतं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आता रडायची परवानगी होती.

गुरुवार, २०

मशीन परत सुरू. यावेळी नीट. नव्या आवृत्तीत शेवटच्या थराचं नाव दुरुस्त केलं, जुन्या निकालांशी सहाशे फोटो ताडून पाहिले. शेवटचा थर जुळला नाही तर प्रोग्रॅम आता सुरूच होत नाही. आणि ओळी: एकेक वाचली, समजून घेतली, मग नाव घेऊन एकेकीला गप्प केलं. त्याला तीन दिवस लागले. पट्टी गेली. ग्राफिक्स कार्डाचं रडणं गेलं. जी ओळ मी ओळखत नाही ती येऊ शकते, लाल, मोठी.

सध्या काही येत नाही. वहीताई रोज तारीख घालतात आणि पुढे लिहितात: काही बोललं नाही. मॅडमनी नियमात भर घातलीय, वहीताईंची चिठ्ठी मशीनच्या उत्तराविरुद्ध गेली तर चिठ्ठीच चालणार. वहीताई म्हणाल्या, "मग आधी काय चालत होतं?"

गुरुवार, २७

मावशींना नात झाली, रविवारी. आज दुसऱ्या तपासणीला आल्या, लेकीचा फोन गळ्यात अडकवून, त्यात एकाच गुलाबी गाठोड्याची अकरा चित्रं. सगळ्या दवाखान्याला दाखवली. अक्षरांच्या तक्त्यावर मागच्यापेक्षा दोन ओळी जास्त वाचल्या.

मग बाकावर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खोलीच्या त्या टोकाला, कॅमेऱ्याजवळ. आता काहीतरी बोलणार. बोलायलाच हवं होतं, मीच म्हटलं, बोलू देत.

"ए हसरे, उजवी बाही लांब आहे तुझी."

"काय?"

"उजवी. डावीपेक्षा. कुणी शिवलंय हे?"

"विकत घेतलंय मावशी."

"दिसतंयच."

"तिथून दिसतं तुम्हाला?"

"मग! तुला घालून दिसत नाही?"

मी दोन्ही हात पुढे केले. मला काही फरक दिसेना. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, नाही हो, सारख्याच आहेत. वहीताई उठल्या, कपाटातून पट्टी आणली, आधी डावी मोजली, मग उजवी, मग परत डावी.

"पाऊण सेंटिमीटर," त्या म्हणाल्या.

मावशींनी मांडी थोपटली. "शटर उघडलं की आण. काढून देते."

मी तिघींच्या मध्ये हात पसरून उभी होते आणि मला इतकं हसू येत होतं की वहीताई ओरडल्या, हलू नकोस, अजून लिहायचंय.